सेहेचाळीसचं रजिस्टर

पोलंडहून आलेली एक बाई कोळवणच्या ग्रामपंचायतीत बसून १९४६ सालचं जन्माचं रजिस्टर चाळतेय, हे दयानंदला शेतात कळलं. ते दीड एकर शेत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे राहिलेल्या एका पोलिश साहेबानं त्याच्या आजीला नुसतं तोंडी दिलेलं. फार्महाउसवाले रोज भाव विचारत होते, आणि जुनी दप्तरं उघडायला येतो तो वारसच असतो, हे तर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

दयानंद कुऱ्हाडीचा दांडा घेऊनच कचेरीत शिरला.

"नसीरभाऊ, रजिस्टर हिकडं द्या."

"सरकारी दप्तर हाय, दयानंद. बाई काय म्हणत्यात ते ऐक तरी."

ग्रामसेवक नसीरनं उघडं रजिस्टर तान्ह्या लेकरासारखं छातीशी धरलं. पहिल्या फटक्याला त्याचं मनगट मोडलं, दुसऱ्याला कपाळ फुटलं. मधे पडलेल्या बाईला दयानंदनं भिंतीवर आपटलं. मग तिनं काढून ठेवलेलं, आता रक्तानं भिजलेलं ते पान टरकावलं, तोंडात कोंबलं आणि चावून चावून गिळलं.

"आता विचारा हिला, कुणाची वारस हाय ती."

नसीर भिंतीला टेकून कण्हत होता.



"तिला जमीन नको व्हती रं," तो म्हणाला, "तिच्या आज्याला, त्या पोलिश साहेबाला, हितं झालेला मुलगा हुडकत आली ती, आन् त्या पानावर तुझ्या बापाचं नाव व्हतं."