ज्याच्यावर जहर चालत नाही

राक्षसांच्या झुंजी लावायचा तो मोबाइल गेम राजापेठच्या ट्यूशनमध्ये सगळेच खेळायचे. पण कोणता राक्षस टिकेल आणि कोणता पहिल्याच झटक्यात लोळेल, ते प्रियदर्शनीलाच विचारायचे. "दिसाले वाघ हाये, कामाचा नाई," असं ती तोंडावर सांगायची. एकाच जातीवर तिच्याकडे तोड नव्हती. कवचाच्या आत लपणारा, जहर पचवणारा. "तो समोर आला तं लढूच नका. हार माना अन् बाहेर पडा."

रविवारी ती शहरातून गावी आली. तिचे बाबा, देवमन, वावरातून आले आणि त्यांनी तिच्या हातावर कपाशीचं हिरवं बोंड ठेवलं.

"तुयी माय म्हनते, तुले त्या झुंजीतलं लय समजते. हा गडी कसा वाटते, सांग बरं."

बोंड वरून साबूत होतं. तिनं ते फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

"जहर चालते याच्यावर?" तिनं सवयीनं विचारलं.

"फवारून फवारून थकलो. पुरं वावर असंच हाये आतून." बाबा हसले. ते हसणं तिला आवडलं नाही. "मंग? तुया खेळात असा समोर आला तं काय करतेत?"

उत्तर ओठांपर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं.

 

"बाबा," तिनं विचारलं, "फवारणीचं उरलेलं औषध कुठी ठेवलं तुमी?"