साहेबांचं खातं

उद्या जिंतूरला विज्ञान प्रदर्शन, आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर माझा प्रोग्राम काही केल्या चालेना. प्रोग्रामला फोल्डरांचे पत्ते सांगणारी सेटिंगं, म्हणजे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, तासभर उलटीपालटी केल्यावर चूक सापडली. कॉम्प्युटर देणगीत देणाऱ्या साहेबांना खूश करायला सरांनी त्यावरचं खातंच 'माननीय माणिकराव साहेब' अशा मराठी नावानं उघडलेलं. त्या नावाच्या फोल्डरचा पत्ता माझ्या सॉफ्टवेअरला वाचताच येत नव्हता.

"सर, इंग्रजीत साधं नाव देऊन दुसरं खातं उघडू?"

"साहेबांचं नाव काढायलीस व्हय गं? उद्या तेच उद्घाटनाला यायलेत. प्रोग्राम राहू दे."

शिसारी आली मला.

&nbsp;

सकाळी प्रदर्शनात बंद कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर साहेबांचा फोटो चिकटवलेला होता, आणि खाली सरांच्या अक्षरात माझ्या नावाची पाटी: 'निर्मिती – सुकेशनी, नववी ब'.