शब्दकोशाची फाइल

तो बारा वर्षांचा असताना बाबांच्या कॉम्प्युटरवर खेळला आणि त्यांच्या शब्दकोशाची फाइल नाहीशी झाली. बाबांनी पाहुण्यांदेखत त्याला मारलं आणि आठवड्याच्या आत हॉस्टेलवर धाडलं. पुढे त्यांनी तोच कोश पुन्हा शून्यातून लिहिला असं छापून आलं आणि त्यांच्या जिद्दीचे सत्कार झाले.

पन्नाशीला टेकल्यावर त्यानं माळ्यावरून तो कॉम्प्युटर उतरवला. गळलेल्या बॅटरीचा हिरवा थर टूथब्रशनं घासून काढला. तो सुरू करायला लागणारी जुनी ऑपरेटिंग सिस्टिम अकरा फ्लॉपींवर होती. त्यातली सातवी मिळवायलाच चार महिने गेले. शेवटी पडदा उजळला आणि शोधता शोधता फाइल सापडली. ती पुसली गेलीच नव्हती. बाबांनीच भलत्या फोल्डरमध्ये ठेवली होती.

तो तसाच बाबांच्या खोलीत गेला. "बाबा, कोश जसाच्या तसा आहे. मी काही पुसलं नव्हतं."

"ठाऊक आहे," बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले. "तू गेलास त्याच आठवड्यात सापडला."

"मग मला परत का नाही आणलंत?"

"चारचौघांत तुला मारून बसलो होतो. बापानं पोरापुढे नाक घासायचं?"

आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या पत्रांवरच त्यानं हॉस्टेलात दिवस काढले होते.

"आईला माहीत होतं?" त्यानं हळूच विचारलं.

"सापडला तिलाच. म्हणाली, राहू दे त्याला तिकडेच, घर कसं शांत वाटतंय."