मागची फळी

हळदीकुंकवाला आलेल्या बायका बाहेर सतरंजीवर खोळंबल्या होत्या आणि आत श्रीपाद कपाटावरची बटणं पुन्हापुन्हा दाबत होता. गेल्या संक्रांतीला चांदीची अत्तरदाणी हरवली, तेव्हा सासूबाईंनी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. थोरल्या सुनेकडे, कुंदाकडे, नुसतं पाहिलं होतं. मग धाकट्या लेकानं, श्रीपादनं, हौसेनं चांदीच्या कपाटाला हे सोलेनॉइडचं कुलूप बसवलं. आकडे जुळले की वीज त्याची खिटी आत ओढून घ्यायची. आकडे कुंदा सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होते.

"बॅटरी उतरली वाटतं," श्रीपाद पुटपुटला.

"मग बदला की, भावजी."

"ती आत आहे. कोणी काढून नेऊ नये म्हणून."

"वा! पेटीची किल्ली पेटीत ठेवून पेटी लावलीत!" कुंदा हसली. "ही अक्कल शिकवणी लावून आली, की उपजतच?"

"तोंड आवर," सासूबाई दबक्या आवाजात कडाडल्या. "गुलाबदाणी आत अडकलीय. चारचौघींत माझी शोभा होणार!"

कुंदानं पदर खोचला, लाकडी कपाट भिंतीपासून हातभर ओढलं आणि मागच्या फळीची कड धरली. सैल खिळ्यांसकट फळी अलगद हातात आली. तिनं गुलाबदाणी काढून सासूबाईंपुढे धरली.

"तुला हे कधी कळलं?"

"लग्न होऊन आले त्या दिवाळीत, जळमटं काढताना." तिनं फळी पुन्हा जागेवर बसवली. "एवढी वर्षं मागून उघडंच होतं. चांदी मोजून घ्या, आई."