गेन कमी कर

"ताई, माइकच्या प्रीअँपचा गेन, म्हणजे आवाज वाढवायचं हे बटण, फार चढवू नका, भिंतीपलीकडचंही ऐकू येईल," दुकानदार म्हणाला होता. तिने ते हसण्यावारी नेलं. पण मांडीवरचं बाळ उठू नये म्हणून गोष्ट कुजबुजतच रेकॉर्ड करायची, तर बटण चढवणं भागच होतं. हेडफोनमध्ये काहीतरी मुसमुसलं. तिने वायर बदलून पाहिली. मग शब्दच आले, "मारू नका हो, मुलं उठतील." शेजारच्या वहिनी!

नवऱ्यानेही ऐकलं. "आपल्याला काय करायचंय? गेन कमी कर."

तिने बाळाला कडेवर घेतलं आणि शेजारची बेल दाबून धरली.

"काय कटकट आहे? आमच्या घरात कुणाचा आवाजसुद्धा नसतो," दार उघडत शेजारी गुरगुरला.

"तेच तर! वहिनी बाहेर येईपर्यंत बोट काढणार नाही."

तुमच्या शेजारीही फार शांत असतं का? एकदा बेल वाजवून बघा.