पायाची जागा

काशीरामचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता, आणि दुखायचा तो नेमका तिथेच.

घाटकोपरच्या हॉस्पिटलात अशा दुखण्यावरच्या नव्या कॅप्सूलची चाचणी संपली होती. औषध घेणारे आणि तशाच कॅप्सूलमधून साखरेची पूड घेणारे, दोघांच्या दुखण्यात फारसा फरक निघाला नव्हता. डॉक्टर अनुपमांनी आकडे स्वतः तपासले होते. त्यांत चूक नव्हती. औषध बंद होणार होतं.

काशीराम मात्र ऐकेना. मला ते लागू पडतं, म्हणायचा. मग त्याला विचारूनच त्यांनी त्याची एकट्याची परीक्षा लावली. दर महिन्याला एक, अशा चार बाटल्या. काहींत औषध, काहींत साखर. कशात काय, ते फक्त बाटल्या भरणाऱ्या कंपाउंडर जयवंतला ठाऊक. आज निकाल होता.

"दुसरी नि ही चौथी," काशीराम म्हणाला. "ह्या दोन बाटल्यांना पाय गप राहिला."

"मनाला वाटतं कधीकधी तसं," अनुपमा म्हणाल्या.

त्याची बायको शेवंती शेजारीच बसली होती. "त्यांचं सोडा, डॉक्टर. आमची खोली एक, माणसं इतकी. तरी रात्री ह्यांच्या पायाची जागा मोकळी सोडतो. कुणाचं पांघरूण तिथं पडलं तरी कळवळतात." "दुसऱ्या नि चौथ्या बाटलीला आमची धाकटी पोर नीला तिथंच झोपली. लोळत लोळत जायची, आडवी."

काशीरामने मान वळवली. "मला नाय बोललीस ते."

"कुणाला बोलू? तुम्ही घोरत होता."

अनुपमांनी दाराशी उभ्या असलेल्या जयवंतकडे पाहिलं.

"दुसरी नि चौथी औषधाची," तो म्हणाला. "बाकी साखर."

योगायोग असू शकतो, असं अनुपमांच्या मनात आलं. पाठोपाठ आडवी झोपलेली नीला डोळ्यांसमोर आली. त्यांनी केसपेपर ओढला आणि लिहिलं : या रुग्णाला औषध चालू ठेवावे.

औषधाचं कपाट काशीरामच्या पलीकडे होतं. त्याच्या स्टुलापुढची फरशी रिकामी होती. अनुपमांनी पाऊल उचललं आणि तसंच मागे घेतलं.

"जावा ना मधून," काशीराम म्हणाला. "आज झोपलाय तो."

त्या टेबलाला वळसा घालून गेल्या, आणि बाटली घेऊन आल्या त्याही तशाच.