दुसरा खेळाडू

घरोघरी केबल आली आणि गाझियाबादचं एक व्हिडिओ गेम पार्लर बंद पडलं. तिथलं एक मशीन मी मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आणलं आणि त्याच्या दोन्ही जॉयस्टिक पोरांच्या टीव्ही गेमला जोडल्या.

मी एकटा बसलो तरी दुसरा खेळाडू खेळायचा. वर मलाच हरवायचा!

"जिंकू द्या की, पाहुणा आहे," बायको म्हणायची.

आज चिडून मी मशीनमागे गेलो आणि दोन्ही जॉयस्टिकच्या वायरी उपटल्या. तरी पुढे बटणं बडवल्याचा आवाज येतच राहिला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन मशीनपुढे आली. "अय्या, जिंकलात की आज! घ्या चहा. आणि रोजच्यासारखे फुरके मारू नका हं."

मी वायरी धरून मागेच उभा होतो. पुढून फुरका ऐकू आला.